कुत्रा कुठे लावलाय?

आमच्या वाचक मंडळात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकाने चाळीस मिनिटं बोलायचं आणि बाकीच्यांनी चहा येईपर्यंत ऐकून घ्यायचं, असा शिरस्ता आहे. जूनच्या बैठकीत भटक्या कुत्र्यांवरून भांडण पेटलं. ते विझेना, तेव्हा मी चेष्टेत म्हटलं, "पुढच्या वेळी मी मराठी साहित्यातल्या कुत्र्यावरच बोलते." अध्यक्षकाकांना चेष्टा कळत नाही. त्यांनी तिथल्या तिथे फळ्यावर लिहून टाकलं: ऑगस्ट, मराठी साहित्यातील श्वान.

सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. युधिष्ठिराचा कुत्रा झाला, कोरडी रोटी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव झाले, दत्ताच्या पायाशी बसलेले चार कुत्रे झाले, जेजुरीचा खंडोबा झाला. घरी बसल्या बसल्या हे सगळं मोठ्याने बोलून पाहिलं. सहा मिनिटं झाली. उरलेल्या चौतीस मिनिटांसाठी ग्रंथालय गाठायला हवं होतं.

पहिल्यांदा गेले ती घराजवळच्या वाचनालयात. तिथे आता संगणक आलाय आणि पुस्तकांची यादी त्यात भरलीय, पण भरणाऱ्याने सगळी नावं रोमन लिपीत घातलीत, आणि ती ज्याला जशी सुचली तशी. ‘कुत्रा’ टाकलं तर काहीच नाही. शेवटच्या अक्षराला आणखी एक ‘ए’ लावला तर मुलांचं एक चित्रांचं पुस्तक निघालं. ‘श्वान’ मी चार तऱ्हांनी लिहून पाहिलं. त्यातल्या एका तऱ्हेने ‘स्वानंद’ आणि ‘स्वानुभव’ अशी आध्यात्मिक पुस्तकांची रांगच लागली, आणि शेवटी हंसांवरचं एक इंग्रजी पुस्तक. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ म्हणाला, "मॅडम, कुत्र्यांची पुस्तकं वर आहेत, ६३६.७ ला."

वर गेले. डेप्युई पद्धतीने, म्हणजे ड्युईच्या दशांश वर्गीकरणाने (तो मुलगा ‘डेप्युई’ म्हणायचा, आणि मलाही आता तेच तोंडात बसलंय), ६३६ म्हणजे पशुपालन. ६३६.७ च्या अलीकडे कुक्कुटपालन, पलीकडे मांजरं. मधल्या वीतभर जागेत लसीकरण, आहार, अल्सेशियनला कसं शिकवावं. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. तो खालच्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाला, आणि तिथे कथा, कादंबरी, कविता, नाटक एवढेच कप्पे. गोष्टीतला कुत्रा या दोन कपाटांच्या मधल्या जिन्यावर कुठेतरी हरवला होता.

त्या मुलाला दोष देत नाही. पुस्तक एकाच जागी ठेवता येतं, म्हणून त्याला एकच आकडा. कुत्र्याला तसं बंधन नाही.

मग एका जुन्या संदर्भ ग्रंथालयाची वर्गणी भरली. अनामत रक्कम, दोन फोटो, आधारची झेरॉक्स. तिथे पुस्तकं घरी मिळत नाहीत. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, शिपाईकाका आत जातात, आणि पंधरा-वीस मिनिटांनी एकतर पुस्तक येतं नाहीतर ‘जागेवर नाही’ असं लिहिलेली तीच चिठ्ठी परत येते. शाईचं पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. दुपारी एक ते तीन बंद. भिंतीला लागून तालिकेची लाकडी कपाटं आहेत, छोट्या छोट्या खणांची, आणि प्रत्येक खणात दोऱ्यात ओवावीत तशी सळईत ओवलेली कार्डं. विषयाच्या खणात ‘कीर्तन’नंतर थेट ‘कुंभार’ होता. मधे कुत्रा नाही.

मी बराच वेळ त्या खणापाशी उभी होते, म्हणून ग्रंथपालबाई उठून आल्या. काय हवंय ते सांगितलं. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि विचारलं,

"कुठल्या शतकातला?"

मला वाटलं माझी थट्टा चाललीय. पण त्या गंभीर होत्या. "अहो, ‘कुत्रा’ असं धरून बसलात तर आजचाच मिळेल. बाराव्या-तेराव्या शतकात त्याला काय म्हणायचे ते आधी बघा. विषयाने नाही सापडायचं ते, शब्दाने जा."

हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते. म्हणून इथे लिहून ठेवतेय.

शब्दाने जायचं म्हणजे कोश. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ मध्ये निघालेले सात खंड. मी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी परत आली: ‘क’ असलेला खंड बांधणीला गेलाय. कधी येईल? पावसाळा संपल्यावर. ऑगस्टचं भाषण डोक्यावर आणि कुत्र्याचा खंड तेवढा गायब. बाईंनाच माझी दया आली असावी, कारण त्यांनी न मागता दोन पुस्तकं काढून दिली: त्याच दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश आणि मॅनवेरिंग नावाच्या पाद्र्याने गोळा करून १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून छापलेला मराठी म्हणींचा संग्रह. मॅनवेरिंगने म्हणी विषयवार लावल्यात आणि प्राण्यांचं प्रकरण वेगळं केलंय. आपल्या खणात जे नव्हतं ते त्याच्या अनुक्रमणिकेत होतं. जरा खट्टू झाले, पण पेन्सिल काढली.

त्या दोन पुस्तकांवर मी सलग तीन दुपारी बसले, आणि हा सगळ्या कामातला सर्वांत सुखाचा भाग. आपण दिवसभर जे बोलतो त्यात किती कुत्री लपलीत! ‘कुतरओढ’ हा शब्द मी रोज वापरते, नोकरी आणि घर यांच्यातल्या ओढाताणीसाठी, पण त्यात दोन कुत्री एकाच फडक्याची दोन टोकं धरून ओढताहेत हे चित्र मला तोवर दिसलंच नव्हतं. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवतात त्या कुत्र्याच्या छत्र्या. जरा खुट्ट झालं की मोडते ती श्वाननिद्रा. कुणी येत नाही तिथे काळं कुत्रंही फिरकत नाही. कुणाचे हाल कुत्रा खात नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. शेपूट नळीत घालून ठेवलं तरी वाकडं ते वाकडंच.

हे सगळं ओळीने वहीत उतरवल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. या कुत्र्यात इमान औषधालाही नाही. तो चोरतो, हावरटासारखा खातो, भुंकतो, मार खातो, वाईट मरतो. ज्या इमानी कुत्र्यावर आपण शाळेत दहा ओळींचा निबंध लिहिला, तो म्हणींच्या गावचा रहिवासीच नाही. तो क्रमिक पुस्तकांतून आला असावा असा माझा अंदाज. पण मंडळात हे बोलले तेव्हा एक आजी रागावल्या, त्यामुळे अंदाजच राहू दे.

‘क’चा खंड मला शेवटी मिळाला तो शिकागोहून. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश ठेवलेत: मोल्सवर्थ, दाते-कर्वे, आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही. ज्या पानासाठी मी रिक्षाने तीन चकरा मारल्या होत्या ते रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात, कुकर थंड होईस्तोवर, फोनवर वाचलं. फुकट. ग्रंथपालबाईंना हे दुसऱ्या दिवशी जरा चाचरत सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग? आम्हीपण तिथेच बघतो. पण आधी माहीत असावं लागतं ना, तिथे काय आहे ते."

तरीही जुना शब्द मला कोशाने सांगितला नाही, वहिनीने सांगितला. वहिनी गोव्याची, डिचोलीकडची. रविवारी तिच्या माहेरचा फोन चालू होता आणि ती विचारत होती, "आमचें सुणें खंय गेलें?" मी हातातली वही खाली ठेवली. सुणें! मी ते कोशात पाहिलं. जुन्या मराठीत कुत्र्याला सुणें म्हणत, संस्कृत ‘शुनक’वरून आलेलं. आपण देशावर तो शब्द कधीतरी टाकून दिला आणि ‘कुत्रा’ घेतला. कोकणीने तो सांभाळला. वहिनी आमच्या घरात आली त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिच्या माहेरचा कुत्रा मी पाहिलाय, त्याला बिस्किटं घातलीत, पण तिच्याकडून शब्द कधी विचारला नव्हता.

आता हातात तीन शब्द होते: कुत्रा, श्वान, सुणें. तुकोबांची गाथा आणि ज्ञानेश्वरी दोन्ही युनिकोडमध्ये उतरवून घेतल्या आणि शोधाच्या चौकटीत शब्द टाकायला सुरुवात केली. इथे जी गंमत झाली ती सांगायलाच हवी. ‘श्वान’ टाकलं की संगणक खऱ्या श्वानाबरोबर ‘विश्वानें’ही आणून देतो. कारण अक्षरं बघाल तर ‘विश्वानें’च्या पोटात ‘श्वान’ बसलेलाच आहे. ‘श्वा’ एवढंच टाकलं तर ‘विश्वास’ची ही रांग. ‘कुत्र’ टाकलं तर ‘कुत्रचित्’. ‘सुणें’चा तर छळच, कारण एका प्रतीत सुणें, दुसरीत सुनें, आणि विभक्ती लागली की रूप आणखी वेगळं; ‘सुन’ टाकावं तर घरातल्या सुना पुढे येतात. शेवटी मी वहीत एक तक्ता केला: एका बाजूला संगणकाने दिलेल्या ओळी, दुसऱ्या बाजूला त्यातली खरी कुत्री. दर दहा ओळींमागे एखाद-दोन भुंकायची.

त्यातली एक ओवी हाताला लागली आणि सगळ्या कामाची दिशा फिरली. ज्ञानेश्वरीचा पाचवा अध्याय. गीतेतला मूळ श्लोक बहुतेकांना ऐकून माहीत असतो: विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक, या सगळ्यांकडे पंडित समदृष्टीने पाहतात. त्यावर ज्ञानदेव म्हणतात:

ना तरी हे धेनु हें श्वान । एक गुरु एक हीन ।
हें असो कैचें स्वप्न । जागतया ॥

जागा झालेल्याला हे स्वप्न कुठलं पडायला! किती सुंदर. मी ओवी उतरवून घेतली, खूश झाले, आणि तिच्या आधीच्या ओवीवर नजर गेली. तिथे मशक आणि गज, श्वपच आणि द्विज अशा जोड्या होत्या. श्वपच. हा शब्द मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलेय. ‘नीच जातीचा’ एवढाच अर्थ मनात होता. पण त्या आठवड्यात माझ्या डोक्यात श्वान एवढा घुमत होता की पहिल्यांदाच शब्द फोडून पाहिला. श्व आणि पच. कुत्रं शिजवून खाणारा.

म्हणजे मी कुत्रा शोधत होते आणि त्याच्या शेजारी हा माणूस उभा होता. त्याला कुत्र्यावरून नाव पडलं होतं.

त्यानंतर जिकडे जाईन तिकडे ही जोडी दिसायला लागली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावं असं सांगितल्यावर पुढे म्हटलंय, ‘धनमेषां श्वगर्दभम्’: यांची मालमत्ता काय, तर कुत्री आणि गाढवं. महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, त्या तळ्याचं पाणी गुराढोरांना चालत होतं, अस्पृश्यांना नाही. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मणिभवनात बाबासाहेब गांधीजींना भेटले, तेव्हा ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागवतात तो देश माझा कसा म्हणू, अशा अर्थाचं त्यांनी ऐकवलं. हे वाक्य मी पूर्वीही वाचलं होतं. तेव्हा त्यातली कुत्री-मांजरं मला बोलण्याची एक रीत वाटली होती. मनुस्मृतीतला तो अर्धा श्लोक वाचल्यावर तसं वाटेना.

वाक्संप्रदाय कोशातल्या गमतींवर भाषण उभारावं असं तोवर माझ्या मनात होतं. आता ते जरा अवघड झालं.

ग्रंथपालबाईंना ‘श्वपच’बद्दल सांगितलं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन अमरकोशाची एक सटीक प्रत घेऊन आल्या. स्वतः, शिपाईकाकांना न पाठवता. "यात कुत्रा शोधा," म्हणाल्या, आणि जाऊन जागेवर बसल्या.

अमरकोश हा विषयवार शब्दांचा कोश, पाठ करायचा. त्यात प्राण्यांसाठी सिंहादिवर्ग आहे. मी अर्थातच तोच उघडला. सिंह, वाघ, रानडुक्कर, माकड, अस्वल, कोल्हा, मांजर, हरणं, उंदीर, विंचू. मांजरसुद्धा आहे, कुत्रा नाही. पुन्हा पाहिलं. नाही. मग मला हत्तीही दिसेना आणि घोडाही, गायही नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला आणि मी पुढचे वर्ग चाळले. हत्ती आणि घोडे क्षत्रियवर्गात निघाले, राजाच्या सैन्याबरोबर. गाय, बैल, उंट, शेळी, मेंढी, गाढव वैश्यवर्गात, शेती-व्यापाराच्या सामानात. आणि कुत्रा शूद्रवर्गात. चांडाळाची आणि श्वपचाची नावं, मग किरात, शबर, पुलिंद, मग व्याध, आणि व्याधाच्या लगेच मागून:

कौलेयकः सारमेयः कुक्कुरो मृगदंशकः ।
शुनको भषकः श्वा स्यात्…

पिसाळलेला तो अलर्क, शिकारीत तरबेज तो विश्वकद्रु, कुत्री ती सरमा. आणि त्यांच्यामागे गावडुक्कर. रानडुकराला मात्र सिंहाच्या पंक्तीत जागा मिळालीय.

मी पुस्तक घेऊन बाईंच्या टेबलापाशी गेले. त्या म्हणाल्या, "वर्गीकरण शिकायला लागले तेव्हा आमच्या सरांनी पहिल्या तासाला हेच दाखवलं होतं. प्राणी ज्याच्या दारात उभा, त्याच्या वर्गात." एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्रांच्या फाइलवर शिक्का मारायला घेतला.

सातशे ओव्या शोधून जे कळलं नसतं ते त्या एका पानावर होतं. वाचनालयातला तो मुलगा आठवला, ६३६.७ म्हणणारा. त्याचाही कुत्रा पाळणाऱ्याच्या दारातच उभा होता की.

‘सारमेय’ हा शब्द तिथून धरला आणि पुढचं काम भराभर झालं. सारमेय म्हणजे सरमेचं पोर, आणि सरमा ही इंद्राची कुत्री. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पणी नावाच्या शत्रूंनी लपवलेल्या गाईंचा माग काढत ती नदीपार जाते आणि त्यांच्याशी चक्क वाद घालते. सातव्या मंडलात एक झोपेचं सूक्त आहे, त्यात घरच्या सारमेयाला समजावलंय की बाबा, चोरावर भुंक, आमच्यावर कशाला, झोप आता. (हे मी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही रात्री दोन वाजता सांगून पाहिलंय.) छांदोग्य उपनिषदात तर कुत्र्यांचं सामगानच आहे: यज्ञातले ऋत्विज एकमेकांना धरून सरकतात तशी कुत्री रांगेने सरकतात आणि गातात, ओम् खाऊ या, ओम् पिऊ या. बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्याच्या मानसोल्लासात राजाच्या करमणुकींमध्ये सारमेयविनोद असा आख्खा भाग आहे. म्हणजे कुत्रा राजाच्या दारातही होता. तिथे त्याला भाव वेगळा.

महाभारताचं मात्र मला बरंच नव्याने वाचावं लागलं. नामसूचीत सरमा सापडते, चित्रावशास्त्रींच्या प्राचीन चरित्रकोशातही सापडते. युधिष्ठिराचा कुत्रा नावाने शोधता येत नाही, कारण त्याला नावच नाही. तो ‘श्वा चैव सप्तमः’ आहे: पाच भाऊ, सहावी द्रौपदी, आणि सातवा कुत्रा. एवढीच ओळख. त्याच्यापर्यंत पोचायला गोष्ट आधी माहीत असावी लागते. सूची बनवणाऱ्याने कितीही मेहनत केली तरी बिननावाच्यांची सूची होत नाही.

आणि सरमेची गोष्ट मला माहीतच नव्हती. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत आदिपर्वाचा तिसरा अध्याय तिनेच सुरू होतो. कुरुक्षेत्रावर जनमेजय सत्र करतोय. तिथे सरमेचं पिल्लू येतं, जनमेजयाचे तीन भाऊ त्याला मारून हाकलतात. पिल्लू रडत आईकडे जातं. आई विचारते, काही अपराध केलास का, त्याशिवाय का मारलं? ते म्हणतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, चाटलं नाही. आई तशीच सत्राच्या ठिकाणी येते आणि विचारते, याने काही केलं नाही, मग का मारलंत? कुणी उत्तर देत नाही. तेव्हा ती म्हणते, ज्याअर्थी निरपराधाला मारलंत, त्याअर्थी तुमच्यावर न दिसणारं भय येईल. चक्रवर्ती राजाचा यज्ञ आणि त्यात एक कुत्री येऊन जाब विचारतेय. शेवटी स्वर्गाच्या दारातून कुत्र्याला बाहेर ठेवायचं ठरतं आणि युधिष्ठिर रथात चढायला नकार देतो, ते सगळ्यांना पाठ असतं. सुरुवातीची ही मार खाल्लेल्या पिल्लाची गोष्ट मी कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. मी ती त्याच दुपारी वाचनकक्षात दोनदा वाचली. तीन वाजता उघडून पाचला बंद होतं ते. शिपाईकाका खिडक्या लावायला लागले तरी माझी नक्कल संपली नव्हती.

एक सापडलेली गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी ती साहित्यात बसत नाही. बाईंनीच शिलालेखांच्या खंडांकडे बोट दाखवलं होतं. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर इथे इ. स. ९४९-५० चा एक लेख मिळाला, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला. त्यात मणलेर नावाच्या वीराने बक्षीस म्हणून काय मागितलं, तर काळी नावाचा शिकारी कुत्रा. तो काळी पुढे रानडुकराशी झुंजला, दोघेही मेले, आणि त्याच्यासाठी दगड उभारला, जमीन लावून दिली. वीरगळ, कुत्र्याचा. म्हणींमध्ये न सापडलेलं इमान तिथे दगडावर होतं. आणि त्याला नावही होतं.

भाषण झालं. चाळीसचं पंचावन्न मिनिटं झालं आणि चहा निवला. खंडोबाच्या वाघ्यांवर, त्यांच्या हातातल्या कोटंब्यावर (म्हणजे भिक्षेच्या पात्रावर) आणि देवाचं कुत्रं होऊन भुंकण्यावर मी टिपणं काढली होती, ती तशीच राहिली, रा. चिं. ढेरे यांचं खंडोबावरचं पुस्तक निम्मं वाचून परत करावं लागलं. प्रश्न अपेक्षेप्रमाणे पहिला आला तो रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याचा. समाधीजवळचं ते स्मारक १९३६ सालचं, आणि समकालीन कागदांत त्या कुत्र्याचा उल्लेख दाखवता येत नाही असं अभ्यासक सांगतात, एवढं मी सांगितलं. मग अर्धा तास मंडळाने ते भांडण केलं, जूनमधल्याच जोमाने. श्वपचाबद्दल कुणी काही विचारलं नाही. फक्त निघताना आमच्याकडचे एक निवृत्त शिक्षक चपला घालता घालता म्हणाले, "आमच्या आडनावावरून शाळेत मास्तर कुत्र्याला हाकारतात तसं यू यू करायचे. तुमच्या अमरकोशात असेल ते." आणि जिना उतरून गेले.

सप्टेंबरात संदर्भ ग्रंथालयात पुन्हा गेले, तेव्हा बाईंनी माझी टिपणं मागून घेतली. त्यांनी खण ओढला, सळई काढली, एक कोरं कार्ड घेतलं आणि गोल अक्षरात लिहिलं: ‘कुत्रा. पाहा: श्वान, सारमेय, सुणें, म्हणी, प्राणिविषयक, सरमा, वीरगळ, प्राण्यांचे.’ मी शेजारी उभी राहून सांगत होते. शेवटी म्हटलं, "आणि श्वपच."

त्यांचं पेन थांबलं.

"ते नाही लिहिणार मी कुत्र्याखाली," त्या म्हणाल्या. "माणसं आहेत ती."

दुसरं कार्ड घेतलं. त्याच्यावर काय लिहायचं यावर आम्ही बराच वेळ बोललो. ‘जातिव्यवस्था’ हा विषय खणात आधीपासून होता, पण मग कुत्र्याच्या वाटेने शोधत येणाऱ्याला ते सापडणार कसं? मला तर ते कुत्र्यामुळेच सापडलं होतं. शिपाईकाका एक वाजल्याचं सांगून गेले. बाईंनी ते कार्ड तसंच कोरं, खणात न घालता, टेबलावरच्या काचेखाली सरकवलं आणि डबा काढला.